भंगारवाल्या विनयाताई

विनयाताई खांबेटे गेल्या तेव्हा मी उज्जैनमध्ये नव्हते, मुलीकडे पुण्याला होते. परत आले तर ह्यांनी इथल्या पेपरातलं कात्रण माझ्यासाठी जपून ठेवलं होतं. दोनच ओळी. शहरातल्या ज्येष्ठ परमाणु वैज्ञानिकेचं हृदयविकाराने निधन, आणि देशाची परमाणु शक्ती उभारण्यात त्यांचं योगदान मोठं होतं, असं काहीतरी. दुसरी ओळ वाचून त्या भडकल्या असत्या. "मी काहीच नाही उभारलं," त्या नेहमी म्हणायच्या. "दुसऱ्यांनी बनवून ठेवलेलं कुठे पडलंय, ते बघत फिरले जिंदगीभर."

आमच्या माधव नगर कॉलनीत मात्र सगळ्यांची पक्की समजूत होती की खांबेट्यांची विनया मुंबईला बॉम्ब बनवायची. सब्जीवाल्या शांताबाईने एकदा गाडी थांबवून, आवाज खाली करून विचारलंच. "दीदी, सच्ची में बम बनाती थीं आप?"

"नहीं बाई," विनयाताई गिलकी, म्हणजे घोसाळी, निवडत म्हणाल्या, "मैं ताले देखती थी. लगे हैं कि नहीं."

शांताबाईला ते खोटं वाटलं. पण ते अगदी शब्दशः खरं होतं. दवाखान्यात, कारखान्यात, कॉलेजात, तेलाच्या पाइपांवर, शेकडो ठिकाणी किरणोत्सारी पदार्थ वापरला जातो. कुठे राईएवढा, कुठे पेन्सिलच्या तुकड्याएवढा. तो कोणाच्या ताब्यात आहे, कुलपात आहे का, कोणी उचलून नेलाय का, चुकीच्या हातात पडला तर काय करायचं, हे पाहणाऱ्या विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. वडील रेल्वेत होते, म्हणून बालपण उज्जैनचं. बाविसाव्या वर्षी मुंबईला गेल्या, लग्न केलं नाही, आणि रिटायर झाल्यावर आईवडिलांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत परत आल्या. आईवडील दोघंही तोवर गेलेले होते.

बाई ठेंगणी, काटक. सुती सलवार-कुडता, त्याला शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेले दोन मोठे खिसे, पायात कॅनव्हासचे बूट. सकाळी टावर चौकात उभ्याने पोहे खायच्या आणि जलेबीला हात लावायच्या नाहीत. कोणी मंदिराला चला म्हटलं तर "तुम्ही या जाऊन, मी घर बघते" म्हणायच्या. बोलणं आमच्यासारखंच, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी. फक्त एक शब्द त्यांना चालायचा नाही. 'असेल.' दूध आलं असेल, गॅस बंद असेल, पोस्टमन येऊन गेला असेल. कोणी असं म्हणालं की त्या मान वर करून विचारायच्या, "पाहिलंस का?"

आमची ओळखच त्यावरून झाली. मी इथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. शेजारीण म्हणून चहाचं विचारायला गेले, तर माझा विषय ऐकून त्यांनी पहिला प्रश्न हा केला, "लॅबमध्ये सोर्स किती आहेत तुमच्याकडे?"

किरणोत्सार मोजायच्या प्रयोगाला बटणासारख्या छोट्या चकत्या लागतात, त्यांना आम्ही सोर्स म्हणतो. मी म्हटलं, "तीन असतील."

"असतील? पाहिलेस का?"

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर कॉलेजात हजर. शिशाच्या डबीत दोन निघाले. रजिस्टरमध्ये तीन, आणि दरवर्षी खाली आमच्या सह्या. त्यातल्या सहा माझ्या. मी डबी उघडून न बघता केलेल्या. विनयाताईंनी शेवटच्या सहीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस आम्ही कपाटं उपसली. मग शिपाई चौहानला आठवलं की जुनं टेबल दिवाळीआधी भंगारात दिलं. विनयाताई तशाच माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. "चल. आगर रोड."

भंगारवाले युसूफभाई. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, अंगणभर गंजकं लोखंड. टेबल अजून तुटलं नव्हतं. विनयाताईंनी खिशातून मोबाइलएवढा मीटर काढला, तो टेबलाच्या खणांवरून हळूहळू फिरवला, आणि मधल्या खणाच्या मागे तो टकटकायला लागला. खण आणि फळीच्या फटीत आमचं बटण अडकलं होतं.

परत येताना मी हसून म्हटलं, "एवढ्याशानं काय होणार होतं?"

"याने कोणी नाही मरत," त्या मागून म्हणाल्या. "पण हरवायची आदत इथूनच लागते, अलका."

त्या दिवसापासून त्या आगर रोडला जायला लागल्या. दर रविवारी, नेमाने. कधी माझ्या स्कूटरवर, कधी ऑटोने. भंगारात जो माल येतो त्यात कधीतरी बंद पडलेल्या दवाखान्याचं नाहीतर कारखान्याचं यंत्र येतं, आणि त्याच्या पोटात काय आहे हे कापणाऱ्याला पता नसतं. विनयाताई खडूने भिंतीवर किरणोत्साराची खूण काढायच्या, मधे ठिपका आणि भोवती तीन पाती, आणि मजुरांना विचारायच्या, "ये क्या है?"

"पंखे की कंपनी का निशान है, मैडम." सगळे हसायचे. त्याही हसायच्या. मग समोर बसून सांगायच्या. ही खूण दिसली, किंवा लहान वस्तू फारच जड लागली, किंवा शिशाचं जाड भांडं आलं, तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं, मला फोन करायचा. फोन नंबर त्यांनी प्रत्येक दुकानाच्या दारावर लिहिला होता. युसूफभाई त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवायचे. कॉलनीत नाव पडलं 'भंगारवाली मॅडम'. विनयाताईंची एक बहीण होती, तिला ते झोंबायचं. त्यांना स्वतःला नाही.

एकदा मी विचारलं, "ताई, तुमच्या खात्याला खरी भीती अतिरेक्यांची ना? कोणी चोरून बॉम्ब करेल ही?"

"ती पण होती. त्यासाठी पहारे आहेत, कॅमेरे आहेत. चोराला तरी पता असतं आपण काय नेतोय ते." मग म्हणाल्या, "ज्याला पताच नाही, त्याच्यासाठी कोणी पहारा नाही लावत."

हे एवढ्यावर थांबत नव्हतं हे मला जाणवायचं, पण पुढे विचारलं की त्या उठून भांडी घासायला लागायच्या.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला युसूफभाईंचा फोन आला. मी विनयाताईंकडेच बसले होते. फोन कानाला लावून त्या उभ्या राहिल्या. "कोई पास मत जाना. सबको सड़क पर निकालो." आणि मला म्हणाल्या, "स्कूटर काढ. आणि तू फाटकाच्या आत नाही यायचं. कळलं?"

उन्हाने रस्ता चमकत होता. फाटकापासून बऱ्याच अंतरावर मीटर वाजायला लागला, आणि ते वाजणं कॉलेजातल्यासारखं नव्हतं. सलग, कापड फाटत जावं तसा आवाज. विनयाताईंनी आकडा पाहिला आणि स्कूटर मागे घ्यायला लावली. युसूफभाई रस्त्यावर घामाने निथळत उभे होते. त्यांनी सांगितलं, सकाळी एका ट्रकातून बाहेरगावचा माल उतरला. त्यात शिशाचं एक भांडं होतं. मुकेश नावाच्या कामगाराने ते दोन तास घणाने फोडलं. शिसं महाग म्हणून. जेवणाच्या वेळी युसूफभाईंना तुकड्यावर झिजून पुसट झालेली तीन पाती दिसली.

"मुकेश कहाँ है?"

"घर गया मैडमजी. उल्टी हो रही थी. बोला लू लग गई."

विनयाताईंनी डोळे मिटले. मग एकदम विचारलं, "बाकी सब बाहर हैं? देखा है?"

युसूफभाई म्हणाले, "हाँ, सब..." आणि वळून आत पाहायला लागले. पत्र्याच्या शेडमध्ये बाबूलाल नावाचा कामगार झोपला होता. दारू पिऊन नव्हे, रात्रपाळी करून. हाका मारल्या, पत्रे वाजवले. कूलरच्या आवाजात त्याला ऐकू जाईना.

विनयाताईंनी मनात हिशेब मांडला. तो मी त्यांच्या ओठांवर पाहिला. मीटर माझ्या हातात दिला. "चाळीस सेकंद, जास्त नाही," म्हणाल्या. "माझं वय झालंय. दुसऱ्या कोणाला नाही पाठवणार." आणि अडुसष्ट वर्षांच्या त्या बाई कॅनव्हासचे बूट आपटत धावत आत गेल्या. धावताना त्यांना मी तेवढं एकदाच पाहिलं. बाबूलालला त्यांनी कॉलर धरून ओढत आणलं. तो अर्धवट झोपेत त्यांना शिव्या देत होता.

मग त्या रस्त्याच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या आणि दोन्हीकडची वाहनं अडवली. ठाण्यातून एक दारोगा आला. "अम्मा, आप हटिए, जाम लग रहा है."

"मैं नहीं हटूँगी. आप उधर से रस्सी बाँधिए. पहले रस्सी, फिर मुझे उठाना."

त्याने रस्सी बांधली. का कोण जाणे, त्या आवाजात सांगितलेलं लोक ऐकायचे. मुंबईला फोन झाले. संध्याकाळी शिशाची पेटी घेऊन माणसं आली. तोवर आम्ही मुकेशच्या वस्तीत जाऊन त्याला दवाखान्यात आणलं होतं. ड्यूटीवरचा डॉक्टर ऊन लागलंय म्हणूनच सलाइन लावत होता. विनयाताईंनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि कागदावर काय झालंय ते लिहून दिलं. तो वाचून पांढरा पडला.

मुकेश वाचला. उजव्या हाताची तीन बोटं मात्र गेली. लगेच नाही. महिन्या-दीड महिन्यात, हळूहळू काळी पडत. विनयाताई दर आठवड्याला त्याला बघायला जायच्या. त्याची बायको दार उघडायची, पण बसा म्हणायची नाही.

पेपरात त्यांचा फोटो आला, कॉलनीने हार घातला. त्यांना त्यातलं काही नको होतं. कारण तोवर युसूफभाईंच्या दुकानाला सील लागलं होतं. चौकशी, पंचनामा, पुन्हा चौकशी. सात महिने सील निघालं नाही. माल पाठवणारा कोण हे कोणाला सापडलं नाही, सापडले ते फक्त फोन करणारे युसूफभाई. ज्या दिवशी कुलूप निघालं त्या दिवशी विनयाताई भेटायला गेल्या. मी बरोबर होते. खुर्ची पुसली गेली नाही.

"मैडमजी," युसूफभाई शांतपणे म्हणाले, "आपसे शिकायत नहीं है. पर अब मत आना. ये सब लोग देख रहे हैं मेरा क्या हुआ. अगली बार ऐसा माल आया ना, तो रात को नाले में फेंक देंगे. फोन कोई नहीं करेगा."

विनयाताई फाटकाबाहेर आल्या. ऑटोत बसल्यावर म्हणाल्या, "खरं बोलला तो."

पुढच्या रविवारी तरीही त्या गेल्या. दुकानांच्या दारांवरचे त्यांचे नंबर पुसलेले होते. काहींनी वरून रंग मारला होता.

त्यानंतर त्या अर्ज लिहायला लागल्या. जो खबर देईल त्याचं दुकान बंद करू नका, त्याला भरपाई द्या, नाहीतर पुढची खबर येणार नाही. भोपाळला, दिल्लीला, आपल्याच जुन्या विभागाला. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता तिथे वर होता. त्याचं सुंदर पत्र आलं. मॅडम, आपकी चिंता से हम अवगत हैं. त्यांनी ते मला वाचून दाखवलं आणि पुढचा अर्ज लिहायला घेतला. दोन वर्षं हे चाललं. नियमात एक अक्षर बदललं नाही. त्या वाळत गेल्या. दम लागायचा, आमचा जिना चढवेना. कॉलनीतले लोक म्हणायचे, त्या दिवशीचं रेडिएशन भोवलं असेल. हार्टच्या डॉक्टरने तसं काही नसल्याचं सांगितलं होतं. विनयाताई लोकांना म्हणायच्या, "माझे रिपोर्ट आहेत घरात. या बघायला." कोणी गेलं नाही.

गेल्या पितृपक्षात एक दिवस सकाळी त्यांच्याकडे गेले, तर स्वयंपाकघरात एक अनोळखी बाई चहा गाळत होती. पन्नाशीची, लुगड्याचा पदर डोक्यावर, हाताला कामाचे घट्टे. विनयाताई आत तयार होत होत्या. मी विचारलं, आपण कोण?

"गीता," ती म्हणाली. "हर साल आती हूँ. घरवाले का तर्पण करने."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. दरवर्षी त्या दिवसांत विनयाताई "पाहुणी आहे" म्हणून दार लावून घ्यायच्या, एवढंच ठाऊक होतं. मग गीताबाईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि बातमी सांगावी तसं सांगितलं. तिचा नवरा कन्हैयालाल गॅसकटरवर लोखंड कापायचा. गुजरातच्या हद्दीजवळ एक कारखाना बंद पडला, त्याचं सामान भंगारात निघालं. त्यातला एक नळकांड्यासारखा डबा त्याने कापला, आतला चमकता तुकडा मुलीला दाखवायला खिशात घालून घरी आणला. मुलगी मावशीकडे गेली होती म्हणून वाचली. आधी मांडीला फोड आले, मग हात गेले. सहाव्या आठवड्यात तो गेला.

"उस कारखाने का कागज इनके पास था," गीताबाई आतल्या खोलीकडे बघत म्हणाली. "देखने जाना था. गई नहीं. लिख दिया, सब ठीक है."

विनयाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "कारखान्याने लिहून पाठवलं होतं, सोर्स जागेवर आहे," त्या मला म्हणाल्या. "मी फोन केला. मॅनेजर बोलला, हो हो, आहे. त्याच हप्त्यात इथून तार आली, आई सिरियस. मी सही केली आणि गाडी पकडली." मग म्हणाल्या, "चौकशीत मी स्वतः सांगितलं, माझी सही आहे. ते बोलले, मॅडम, कागद पूरे आहेत, तुमचा काही दोष नाही. वर मला प्रमोशन पण दिलं."

त्या पर्स आणायला पुन्हा आत गेल्या. मी गीताबाईला हळूच विचारलं, "तरी तुम्ही इथे उतरता?"

"माफ नहीं किया मैंने," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ये माँगती भी नहीं. पर सास-ससुर गए, लड़की ब्याह गई. साल में एक दिन कोई तो है, जिसके साथ बैठ के उसका नाम ले सकूँ."

विनयाताईंना चालवत नव्हतं म्हणून मी दोघींना ऑटोने राम घाटावर घेऊन गेले. पितृपक्षाची गर्दी, ओली धोतरं, पिंडांवर तुटून पडणारे कावळे, माइकवरून हरवलेल्यांची नावं. एका पंडिताने चटई दिली. "लड़का नहीं है? चलो, पत्नी भी कर सकती है. और ये माताजी कौन लगती हैं?"

गीताबाई क्षणभर थांबली. "साथ आई हैं."

पंडिताने मान हलवली. पळी हातात देऊन नाव विचारलं. कन्हैयालाल. वडील? भेरूलाल. आजोबा? नंदराम. पणजोबा? गीताबाई अडखळली. ओठ हलवत आठवायला लागली. मागे रांग वाढत होती, पंडित म्हणाला, "याद नहीं तो छोड़ो, पूर्वज बोल देते हैं."

"नाथूजी," विनयाताई मागून म्हणाल्या. "नाथूजी, गाँव की पुरानी बही में है. मैं देखकर आई हूँ."

गीताबाईने वळून पाहिलं. काय होतं त्या पाहण्यात, मला सांगता येणार नाही. मग ती समोर वळून म्हणाली, "नाथूजी," आणि पाणी सोडलं.

मला दुपारच्या गाडीने मुलीकडे पुण्याला निघायचं होतं. मी विनयाताईंच्या खांद्याला हात लावून येते म्हटलं. त्यांचं लक्ष नव्हतं. पायऱ्या चढून वर आल्यावर मी एकदा मागे पाहिलं. गीताबाई गुडघाभर पाण्यात उतरली होती. तिच्या मागे, दोन पायऱ्या वर, विनयाताई उन्हात उभ्या होत्या. एका हातात तिची पिशवी, दुसऱ्या हातात तिच्या चपला. कोणीतरी त्यांना बसायला जागा करून देत होतं आणि त्या मानेनेच नको म्हणत होत्या.